कंदील, डबे आणि आपल्या हाताची मजुरी

आम्ही लातूर भागातल्या एका गावच्या बचत गटाच्या अकरा जणी. बोलतेय एकच, पण बाकीच्या दहा जणी इथंच शेजारी बसल्यात. काही चुकलं की खुणा करायच्या, असं ठरलंय. तेव्हा हे बोलणं आमचं सगळ्यांचं आहे असं धरा.

बाहेर ऊन मी म्हणतंय, दिवाळीला अजून पाच महिने आहेत, आणि या बाया आत्ताच आकाशकंदील काय घेऊन बसल्या, असं तुम्ही म्हणाल. तेच तर सांगायचंय. दिवाळीचं काम दिवाळीत करायला गेलो आणि कशा फसलो, ते आधी ऐका.

पहिल्या वर्षी आम्ही फराळाचे कागदी डबे केले. तालुक्याच्या एका मिठाईवाल्यांनी डबा बघितला, आवडला, म्हणाले, "दोनशे द्या, डब्याला तीस रुपये देतो." आमचा आनंद काय सांगावा! दोनशे गुणिले तीस, सहा हजार रुपये. गटात एवढी रक्कम एकदम कधी आली नव्हती. आम्ही लगेच हो म्हणालो. डब्याला खर्च किती येतो, हे कुणीच विचारलं नाही.

दसरा झाला आणि कामाला बसलो. नऊ दिवस, रोज दुपारी दोन दोन तास, अकराही जणी. पण तेच दिवस सोयाबीन काढणीचे. मालक काही दुपारी दोन वाजता म्हणत नाही की जा बाई, डबे करून ये. म्हणजे ज्या दिवशी डब्याला बसायचं, त्या दिवशी कामावर खाडा.

डबे झाले, गेले, पैसे आले. मग हिशोब मांडला. कार्डशीट दीडशे लागले, अठरा रुपयाला एक, झाले २,७०० रुपये. सोनेरी कागद, लेस, फेव्हिकॉल, बटर पेपर असं सगळं १,४०० रुपये. टेम्पो आणि एसटीचे ५०० रुपये. एकूण ४,६००. सहा हजारातून उरले १,४००. अकरा जणींत वाटले तर प्रत्येकीला १२७ रुपये, आणि वर तीन रुपये शिल्लक. त्या तीन रुपयांचं काय करायचं यावर आम्ही हसलो, पण हसू काही खरं नव्हतं.

आमच्यात एक मावशी आहेत. मालक वारलेले, शेत नाही, घर मजुरीवर. त्यांचे तीन खाडे झाले होते. त्या म्हणाल्या, "बायांनो, कौतुक लई झालं. पण गटाचा हप्ता मी कौतुकानं भरू का?" आणि त्या उठून गेल्या. पुढच्या तीन बैठकांना आल्या नाहीत.

त्या रात्री आमच्यातल्या बारावी झालेल्या सुनेनं वहीत एक गणित केलं. अकरा जणी, नऊ दिवस, दोन तास, म्हणजे १९८ तास. चौदाशे रुपयांना भागलं तर तासाला सात रुपये. सात रुपये, मैत्रिणींनो! आणि त्या सात रुपयांसाठी आम्ही सोयाबीनची मजुरी बुडवली होती.

मग आम्ही शोधायला लागलो की चुकलं कुठं. तीन ठिकाणी चुकलं होतं. एक मापात, दुसरं वेळेत, तिसरं भाव सांगण्यात. एकेक सांगतो.

आधी माप. कार्डशीट मिळतं २२ इंच रुंद आणि २८ इंच लांब. आपण ३०० जीएसएमचं घ्यावं, त्याहून पातळ घेतलं तर अर्धा किलो फराळाला तळ खाली येतो. आमचा डबा होता साडेसात इंची चौकोन, दोन इंच उंच. म्हणजे साडेसात अधिक दोन्ही बाजूंचे दोन दोन, साडेअकरा इंचाचा तुकडा. आता २२ इंचात साडेअकराचे दोन तुकडे बसतात का? नाही, तेवीस इंच लागतात. एका इंचासाठी एका शीटमधून चारऐवजी दोनच तळ निघाले. झाकणं चार निघत होती. म्हणजे एका डब्याला पाऊण शीट.

आता आम्ही डबा केला सात इंची. सात अधिक चार, अकरा. अकरा दुणे बावीस! एका शीटमध्ये बरोबर चार तळ. दुसऱ्या शीटमध्ये चार झाकणं. म्हणजे डब्याला अर्धं शीट. डबा अर्ध्या इंचानं लहान झाला, गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही, पण दोनशे डब्यांना दीडशेच्या जागी शंभर शीट लागले. नऊशे रुपये वाचले. तळाच्या शीटमधून सहा इंचाची पट्टी उरते, ती फेकू नका. त्यातून सात इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद अशा पट्ट्या कापा. दोन पट्ट्यांना मधोमध अर्ध्यापर्यंत चीर देऊन एकमेकींत अडकवल्या की डब्यात चार कप्पे होतात. चिवडा लाडवात जात नाही.

डबा करायची रीत अशी. अकरा इंचाच्या चौकोनावर चारही बाजूंनी दोन इंच आत रेघ मारा. रेघ मारायला शाई संपलेली रिफिल आणि स्टीलची फूटपट्टी घ्या. दाबून मारलेल्या त्या रेघेवर घडी सरळ पडते, पुठ्ठ्याचा पापुद्रा सुटत नाही. चार कोपऱ्यांत चार छोटे चौकोन दिसतील. प्रत्येकाच्या एकाच बाजूला कात्री द्या, दुसऱ्या बाजूला घडी. तो चौकोन आत वळवून शेजारच्या भिंतीला चिकटवा आणि सुकेपर्यंत कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. झाकण एक सूत मोठं ठेवायचं, म्हणजे सात इंच एक सूत, उंची दीड इंच. एक सूत विसरलात तर झाकण बसणार नाही, आणि दोन-तीन सूत घेतलंत तर प्रवासात निघेल.

दोन गोष्टी खाण्याच्या डब्याच्या. पहिला डबा झाला तेव्हा आम्ही त्यात चकल्या भरून रात्रभर ठेवल्या. सकाळी तळाला तेलाचा नकाशा! तेव्हापासून आत बटर पेपर घालतोच. वर्तमानपत्र मात्र कधीही घालू नका. छपाईची शाई पोटात जाते, आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानंही खाण्याला वर्तमानपत्र वापरू नका असं सांगितलेलं आहे. चमकी, टिकल्या झाकणाच्या बाहेरच्या बाजूला लावायच्या, आत नाही. दुसरी गोष्ट खळीची. मैद्याच्या खळीला कीड लागू नये म्हणून आपल्याकडे मोरचूद घालतात. मोरचूद विष आहे. ती खळ कंदिलाला चालेल, डब्याला मुळीच नाही. आणि कंदिलाला वापराल तरी तिचं भांडं स्वयंपाकाचं नको, लेकरांच्या हाताला लागेल असंही नको.

आता कंदिलाचं. आपल्या राज्यात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, आणि बांबू-कागदाच्या कंदिलाची विचारणा आमच्याकडे होऊ लागली. कामट्या आम्ही गावातल्या बुरूडकाम करणाऱ्या घरातून घेतो. एका कंदिलाला एक एक वीत लांबीच्या २४ कामट्या, सगळ्या एकसारख्या. चार चार कामट्या दोऱ्यानं बांधून सहा चौकोन करा. चार चौकोन टोकावर उभे करून त्यांची बाजूची टोकं एकमेकींना बांधा, कडं तयार होईल. मग पाचव्या चौकोनाचे चार कोपरे वरच्या चार टोकांना आणि सहाव्याचे खालच्या चार टोकांना. झाला सांगाडा. बघाल तर चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण होतात. उभ्या चौकोनांना एका रंगाचा पतंगी कागद आणि त्रिकोणांना दुसऱ्या. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, दिवा सोडायला आणि हवा खेळायला. खाली झिरमिळ्या. आत एलईडीचाच दिवा लावा, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो.

ज्यांच्या ओळखीपाळखीत नाताळ असतो, त्यांनी याच कामट्यांची चांदणी करावी. वसईकडं आणि गोव्यात नाताळला दारोदार चांदण्या लागतात. दिवाळीचा शिकलेला हात तिथंही चालतो.

आता वेळ. पहिल्या वर्षी प्रत्येक जण आपापला अख्खा डबा करायची. मापही तीच, कात्रीही तीच, लेसही तीच. एका डब्याला जवळजवळ तास जायचा. आता दोघी फक्त मापून कापतात, दोघी रेघा आणि घड्या, एक चिकटवते, एक सजवते. सहा जणी, अकरा नाही. घड्याळ लावून बघितलं, डब्यामागे सगळ्यांचा मिळून वीस मिनिटं वेळ लागतो.

आणि कधी करायचं? वैशाख-ज्येष्ठात शेतात काम नसतं, हवा कोरडी असते. कापणं आणि रेघा मारणं तेव्हाच करून घ्यायचं. श्रावणात कागदाला हात लावायचा नाही. दमट हवेत पुठ्ठा वाकतो, चिकटवलेलं सुटतं. कापलेले तुकडे सपाट, वर पाटा ठेवून, पत्र्याच्या पेटीत. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला. पाऊस उघडला की भाद्रपद-आश्विनात फक्त घडी आणि चिकटवणं. तेही मागणी आली तेवढंच. जोडलेला डबा अख्खं घर अडवतो, कापलेला तुकडा पेटीत मावतो. सोयाबीन निघायच्या आत आमचं काम उरकलेलं असतं.

राहिलं भाव सांगणं. हे सगळ्यात अवघड. आम्ही वहीत चार रकाने केले. पहिला सामान, दुसरा वाहतूक आणि वाया गेलेलं, तिसरा मजुरी, चौथा गटाचा वाटा. आमच्या डब्याला सामान पंधरा रुपये, वाहतूक आणि वाया दोन रुपये. मजुरी तासाला पंचेचाळीस धरली. वीस मिनिटांचे पंधरा रुपये. गटाला तीन रुपये. झाले पस्तीस. आधी आम्ही फक्त पहिला रकाना धरायचो. आपण घरात बसून केलं, त्याला कसले पैसे, असं आपल्यालाच वाटतं. भाकरी करायला कधी कुणी मजुरी दिली नाही ना, म्हणून डबा करायचीही मागायची लाज वाटते.

मिठाईवाल्यांकडे गेलो. पस्तीस म्हटल्यावर ते म्हणाले, "गेल्या वर्षी तीसला दिला होता की." आमच्यातल्या एकीच्या तोंडून "बरं, तीसलाच घ्या" निघतच होतं. दुसरीनं तिचा पदर ओढला आणि वही पुढं केली. म्हणाली, "दादा, यातली कुठली ओळ खोडायची ते तुम्हीच सांगा." त्यांनी वही वाचली. मजुरीच्या ओळीवर बोट ठेवलं, थांबले, आणि बोट काढून घेतलं. पण दोनशे नाही, शंभरच घेतो म्हणाले.

परत येताना एसटीत कुणी बोलत नव्हतं. शंभर डब्यांची मागणी आपल्या हट्टानं घालवली असं वाटत होतं. मग शेजारच्या गावचा फराळ करणारा गट आठवला. त्यांना साठ दिले. चाळीस डब्यांचे तुकडे पेटीत तसेच राहिले. ते संक्रांतीला कामी आले, तिळगूळ आणि वाणासाठी. दोनशे डबे गेले. मजुरीचे तीन हजार रुपये जिनं जितके तास केले त्याप्रमाणे वाटले, सगळ्यांना सारखे नाही. गटात सहाशे जमा झाले.

तीन हजार म्हणजे काही मोठी रक्कम नाही, हे आम्हालाही कळतं. यावर घर चालत नाही. पण एकीचाही खाडा झाला नाही, आणि तासाला सातचे पंचेचाळीस झाले.

मावशींचं सांगायचं राहिलं. आम्ही वैशाखात कापायला बसलो तेव्हा त्यांच्या दारात गेलो होतो. त्या आधी नाही म्हणाल्या. मग वही दाखवली, मजुरीचा रकाना दाखवला. अक्षर येत नाही त्यांना, आकडा येतो. म्हणाल्या, "हे पैसे डबे विकल्यावर का काम केल्यावर?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. खरंच, तो विचार आम्ही केलाच नव्हता. मग ठरलं की कापणीची अर्धी मजुरी गटाच्या शिलकीतून तेव्हाच द्यायची. आज आमच्याकडं माप घेतात त्याच. एक सूत इकडचं तिकडं झालं तर तुकडा परत येतो.

तर मैत्रिणींनो, या महिन्यात एवढंच करा. एक शीट आणा, एक डबा करा, घड्याळ लावून करा. लागलेली मिनिटं वहीत लिहा. मगच कुणाला भाव सांगा. आणि सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नका.

शेजारी बसलेल्या मावशी खूण करताहेत, वेळ झाली म्हणून. नमस्कार.