मोठा रांजण आणि तळाचा तडा

माणसाने शंभरीच्या पुढे, दीडशेपर्यंत जगण्याची इच्छा धरावी की नाही, ही चर्चा बहुधा वर्षांच्या संख्येवरच अडकून पडते. परंतु तेरणेकाठच्या तेर गावी संत गोरा कुंभार म्हणजेच गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कच्चे कोण आणि पक्के कोण, याची पारख केल्याची कथा धाराशिव जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. कुंभार मडके उंचीवरून नव्हे, तर वाजवून पारखतो, हे येथील श्रोत्यांना निराळे सांगावे लागू नये. तरीही दीर्घायुष्याचा विषय निघाला की नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

सरासरी आयुर्मान, म्हणजे आजचे मृत्यूचे प्रमाण कायम राहिल्यास जन्मणारे मूल सरासरीने जितकी वर्षे जगेल तो आकडा, स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे 32 होता आणि आता 70 च्या आसपास आहे. याचा अर्थ त्या काळी बत्तिशीतच माणसे म्हातारी होत असा नव्हे. तान्ही बाळे मोठ्या संख्येने दगावत, म्हणून सरासरी खाली येई. आतापर्यंतची वाढ मुख्यतः बाळांना वाचवून झाली आहे. म्हातारपण लांबवणे हे निराळे काम आहे. रॅपामायसिन या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून त्या कामाविषयीची उत्सुकता वाढली. मात्र उंदीर आणि माणूस यांत मोठे अंतर आहे.

यापुढचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. आजारपण व अपंगत्व यांची वर्षे वजा करून उरणारे आयुष्य, ज्याला आरोग्यपूर्ण आयुर्मान म्हणतात, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार भारतात सुमारे 60 वर्षे आहे. म्हणजे आयुष्याचा रांजण सत्तरचा असला तरी दहा वर्षांचे पाणी तळाच्या तड्यातून झिरपून जाते, आणि तोच रांजण दीडशेचा केला तर पाणी टिकण्याऐवजी गळतीच वाढेल. भूम, परंडा, वाशी या भागांतून तरुण जोडपी ऊसतोडीला निघून गेली, की मागे राहिलेल्या आजीला गुडघे धरून नातवंडे सांभाळावी लागतात. तिला आणखी पन्नास वर्षे हवीत की चालणारे गुडघे, हे तिलाच विचारून पाहावे.

तडा ओल्या मातीत असतानाच बोटाने बुजतो, आव्यातून भाजून निघाल्यावर बुजत नाही. म्हणून रक्तदाब आणि साखर यांची तपासणी चाळिशीत व्हावी लागते, सत्तरीत केवळ डागडुजी उरते. दीर्घायुष्याच्या गोळ्यांच्या बातम्या आवडीने वाचणारा मुलगा आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन सुगी पुढे ढकलत असेल, तर त्याला दोन शब्द रागाने सांगणे गैर ठरू नये.

किती वर्षे जगावे, या प्रश्नाला मराठी परंपरेने एक उत्तर पूर्वीच देऊन ठेवले आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका असलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले, आणि इतकी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असे मुक्ताबाई म्हणाल्याचे सांगतात; त्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर देणारे ज्ञानेश्वर 1296 मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, आळंदीत समाधिस्थ झाले. म्हणून अल्पायुष्य चांगले असा निष्कर्ष मुळीच काढू नये, कारण लवकर जाणाऱ्यामागे रडणारे घर असते.

वडील दीडशे वर्षे जगले तर सातबाऱ्यावर मुलाचे नाव कधी चढेल आणि नातवाने कोणत्या जमिनीच्या भरवशावर गावात राहावे, हा प्रश्नही येथे मांडायचा होता. परंतु नेमून दिलेली मिनिटे सरत आली असल्याने तो अर्धाच ठेवावा लागतो. एवढे मात्र पुन्हा सांगणे भाग आहे: मोठ्या रांजणाची इच्छा खुशाल धरावी, पण त्याआधी घरातल्या जुन्या रांजणाखालची ओल पाहावी.