शेतराखणीची बंदूक आणि आकड्यांची तिजोरी



पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. कोकणात रानडुकरे व माकडांच्या उपद्रवामुळे अनेक घरांत अशी बंदूक असते. ती दाराआड किंवा माळ्यावर ठेवण्याची सवय मात्र सोडा. मूल खेळता खेळता तिला हात लावते. घरातले कोणी निराशेच्या भरात असेल, तर कुलपामुळे मिळालेली दोन मिनिटेही जीव वाचवू शकतात.

बाजारात आकडे दाबून उघडणारी छोटी तिजोरी मिळते. घेण्यापूर्वी आतली लांबी मोजा. लांब नळीची बंदूक तिच्यात मावत नाही. बंदुकीसाठी जाड पत्र्याचे उंच, कुलपाचे कपाट घ्या. काडतुसाची बंदूक असल्यास काडतुसे छोट्या तिजोरीत वेगळी ठेवा. ठासणीची दारू मात्र पोलादी तिजोरीत कोंडू नका. ती चुलीपासून दूर, कुलपाच्या लाकडी पेटीत ठेवावी.

तिजोरी घेताना पुढील बाबी पाहाव्यात :

१. तळाला किंवा पाठीमागे बोल्टसाठी छिद्रे असावीत. भिंतीत पक्की न बसवलेली तिजोरी चोर उचलूनच नेतो.

२. कारखान्यातून आलेला आकडा लगेच बदला. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर ठेवू नका.

३. सेल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बदला. सेल संपल्यावर लागणारी किल्ली परवानाधारकाने स्वतःजवळच ठेवावी.

पावसाळी दमटपणाने नळी गंजते. तेलाचा हात महिन्यातून एकदा फिरवा. आणि शेतातून परतल्यावर बंदूक रिकामी केल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका. भरलेल्या बंदुकीला कोणतीही तिजोरी पुरत नाही.