आकडा ज्याचा, त्याच्याकडे



  खेळ घडवणाऱ्यांच्या या संमेलनात अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, तो घेते. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना कायद्यात स्वतःची जागा मिळाली. पुण्यात घडलेला ‘इंडस’ हा खेळ 2024च्या ऑक्टोबरात लोकांच्या फोनवर आला. बाकीच्या घडामोडींवर उद्याच्या सत्रांत जाणकार बोलतीलच. मला एका गोष्टीवर बोलायचं आहे आणि ती बोलायची बरीच वर्षं राहून गेली आहे.

खेळाडूची कामगिरी, म्हणजे त्याचा के.डी. (दर मरणामागे मारलेले किती), विजयाची टक्केवारी, डॅमेज, अनोळखी माणसांना दाखवायची का? माझं मत आहे, दाखवू नये. ज्याचा आकडा आहे त्याला तो पुरता द्या, दशांशासकट द्या, गेल्या सीझनशी तुलना करून द्या. पण सामना सुरू होण्याआधी लॉबीत तो दुसऱ्या कुणालाही दिसता कामा नये.

माझ्या भाच्याची खोली सदाशिव पेठेत आहे. कॉट बेसिसवर राहणारी चार मुलं, सगळी स्पर्धा परीक्षेची. रात्री अभ्यासिकेतून आली की फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ. मी गेले त्या संध्याकाळी त्यांच्यातला लातूरचा मुलगा एकटाच होता, म्हणून अनोळखी स्क्वॉडमध्ये शिरत होता. माइक सुरू झाला की पहिला प्रश्न, “के.डी. किती?” नाव नाही, गाव नाही. उत्तर देईपर्यंत समोरच्यानं प्रोफाइल उघडलेलं असायचं आणि पोरगा स्क्वॉडबाहेर. एकामागून एक असंच चाललं होतं. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. सवय झाली होती, आणि मला तेच जास्त लागलं.

नंतर बाकीचे तिघे आले आणि चौघे मिळून खेळले. शेवटच्या झोनच्या आधी भाचा उघड्या माळावर नॉक होऊन पडला. या लातूरच्या मुलानं मध्ये दोन स्मोक फेकले, धुराच्या आडून रांगत गेला, गोळ्या डोक्यावरून जात असताना त्याला उठवलं, मग जीप आणून तिघांना टेकडीमागे पोचवलं. सामना जिंकला. निकालाच्या पानावर त्याच्या नावापुढे फिनिश, म्हणजे मारलेले, शून्य. एमव्हीपी, म्हणजे सामन्याचा मानकरी, कोण? त्यानं ज्याला मरणातून उठवलं तो. उद्या एखादा अनोळखी माणूस त्याचं प्रोफाइल उघडेल तेव्हा त्याला हे शून्य दिसेल. तो धूर दिसणार नाही.

सकाळच्या चर्चासत्रात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी क्रिकेटचा दाखला दिला. फलंदाजाची सरासरी टीव्हीवर दिसते, मग आपल्यालाच लाज कसली, असं त्यांचं म्हणणं. ती सरासरी त्याची असते, ज्यानं देशासाठी किंवा राज्यासाठी खेळणं पत्करलं आहे. संध्याकाळी मैदानावर टेनिस बॉलनं खेळायला आलेल्या माणसाच्या कपाळावर आपण सरासरी चिकटवत नाही. आणि क्रिकेटच्या स्कोअरबुकातसुद्धा क्षेत्ररक्षकानं सूर मारून वाचवलेल्या धावेला रकाना नाही. तरी संघ त्या खेळाडूला धरून ठेवतो, कारण कप्तानानं त्याला खेळताना पाहिलेलं असतं. लॉबीतल्या अनोळखी माणसानं काहीच पाहिलेलं नसतं. त्याच्याकडे आकड्याशिवाय दुसरं काही नाही, म्हणून आकडा तिथे एवढा माजतो.

दुसरी बाजू म्हणते, सगळंच झाका. तेही मला मान्य नाही, आणि त्याचं कारण ‘ओव्हरवॉच’. 2016 साली हा खेळ आला तेव्हा त्यात सगळ्यांचं गुणपत्रक नव्हतंच. प्रत्येकाला फक्त स्वतःची पदकं दिसत, सोनं, रुपं, कांस्य. हेतू चांगला होता. झालं काय? हरत असलेल्या संघातला एखादा ओरडायचा, “मला सोनं आहे, तुम्ही काय करताय?” समोरच्याला ते पडताळता येत नसे. शिवाय सगळा संघ निकामी असला तरी त्यात कुणाला तरी सोनं मिळणारच. 2018मध्ये बनवणाऱ्यांनी प्रोफाइल आपोआप खासगी ठेवायला सुरुवात केली, तो निर्णय उत्तम. आणि 2022च्या दुसऱ्या आवृत्तीत शेवटी गुणफलक आला, त्यात मारलेल्यांबरोबर केलेल्या उपचारांचा आणि अडवलेल्या माऱ्याचाही रकाना. अर्धवट झाकलेला आकडा हत्यार होतो, हे त्यांना सहा वर्षं लागून कळलं. आपण त्यांच्या खर्चानं शिकावं.

‘वर्ल्ड ऑफ टँक्स’मध्ये तर खेळाडूंनीच एक्सव्हीएम नावाचा मॉड बनवला. प्रत्येक रणगाड्यावर चालवणाऱ्याच्या कौशल्याचा रंग. कच्चा तो लाल, पट्टीचा तो जांभळा. त्यामुळे जांभळ्यावर सगळ्या तोफा वळायच्या आणि लाल रंगाच्या माणसाला पहिला गोळा सुटायच्या आधीच स्वतःच्या संघाकडून शिव्या. ‘लीग ऑफ लेजंड्स’ बनवणाऱ्या कंपनीनं 2022च्या अखेरीस एकट्याच्या रँक्ड सामन्यांत पात्र निवडताना सहकाऱ्यांची नावंच झाकली, कारण लोक बाहेरच्या साइटवर इतिहास काढून सामना सोडून जात होते. एवढ्या मोठ्या कंपनीला हे करावं लागलं, यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा?

“आकडा नसेल तर बरोबरीचे जोडीदार कसे मिळणार?” हा प्रश्न आपल्यातले अभियंते हमखास विचारतात. जोडी लावणं सर्व्हरचं काम आहे. सर्व्हरनं हवा तेवढा हिशोब ठेवावा. आणि दोन संघांच्या खेळात जोड्या नीट लागल्या की जवळजवळ प्रत्येकाची विजयाची टक्केवारी पन्नासच्या आसपासच घुटमळते. म्हणजे अठ्ठेचाळीसवाल्याला बावन्नवाला जेव्हा हिणवतो, तेव्हा तो बहुतेक वेळा नशिबाच्या फरकावरून हिणवत असतो.

बुद्धिबळातलं रेटिंग आर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं बेतलं आणि 1970मध्ये फिडेनं ते स्वीकारलं. निकालाचा अंदाज बांधायला ते फार चांगलं साधन आहे. माणसाची लायकी ठरवायला नाही. 2025च्या महिला विश्वचषकात आपल्या नागपूरची दिव्या देशमुख पंधराव्या मानांकनावर होती, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नावावर नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून ती थेट ग्रँडमास्टर झाली. लॉबीतल्या न्यायानं तिला पटावर बसू दिलं असतं का? लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तर रेटिंग न पाहता खेळायची सोय आहे. कुणाला हवं त्यानं बघावं, नको त्यानं बंद करावं. इतकी साधी सोय आपल्याला जड का वाटते?

जड वाटते, कारण चढता आकडा माणसाला परत आणतो, आणि आपले सगळे तक्ते तेवढंच मोजतात. मी एका ठिकाणी काम करत होते. संघांचा गोळीबाराचा खेळ होता आणि सामन्यानंतरच्या टेबलात पहिला रकाना किल्सचा, नावंही त्याच क्रमानं. हळूहळू औषधाची पेटी घेणारा वैद्य कुणी होईना. सामने लवकर संपायला लागले, एकतर्फी व्हायला लागले. मी बैठकीत म्हटलं, निदान क्रम बदला, वाचवलेले साथीदार आधी मोजा. उत्तर मिळालं, “लोक टेबलच बघतात, डेटा बघा.” लोक टेबल बघतात हेच तर मी सांगत होते! टेबलात जे वर, ते करायला खेळाडू धावतो. तो खेळ बंद झाला. त्यातला वैद्य मी स्वतः रेखाटला होता, पाठीवर पितळी कड्यांची पेटी असलेला. अजून आठवला की वाईट वाटतं.

पुढच्या कामांबद्दल थोडं. आकडा कुणाला, केव्हा दाखवायचा याचा एक मसुदा आपण तयार करावा असं मला वाटतं. त्यासाठी लहानशी समिती नेमू, तिच्यात खेळाडूही असावेत, विशेषतः सपोर्टला खेळणारे. आधार देणारं काम मोजायचं कसं यावरही कुणी तरी चिकाटीनं बसायला हवं. तपशील पुढे ठरवता येईल.

दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे: लॉबीतून आकडा काढावा, आणि प्रोफाइल खासगी असणं हीच मूळ स्थिती असावी. ज्यांचा विरोध आहे त्यांनी माझ्या अध्यक्षपदाचा संकोच न बाळगता उभं राहून बोलावं. मी प्रत्येकाला उत्तर देईन.