पाटणादेवीला जाल तेव्हा

जामनेरकरांकडे पाहुणे आले की अजिंठ्याची लेणी दाखवायची, हे ठरलेलेच असते. पण हीच डोंगररांग पश्चिमेकडे सरकत चाळीसगावच्या दक्षिणेला पोहोचते, तिथे पाटणादेवी आहे. २०२० सालापर्यंत आपली छोटी पी.जे. गाडी पाचोऱ्याला सोडायची. आता तिथवर बसने जायचे, पुढे चाळीसगाव आणि तिथून सुमारे १८ किलोमीटर.

पाऊस ओसरल्यावर जा. डोंगरी नदी वाहती असते, धवलतीर्थाचा धबधबा कोसळत असतो, आणि चंडिकादेवीच्या देवळापुढे उभे राहिले की तिन्ही बाजूंनी हिरवे कडे दिसतात. कन्हेरगडाच्या अंगाला नागार्जुन कोठी, सीतेची न्हाणी अशी कोरीव लेणी आहेत. वाटेवर यादवकाळातले महादेवाचे दगडी मंदिर आहे. बहुतेक मंडळी देवीच्या ओढीने त्याच्यापुढून तशीच निघून जातात. तिथे थोडे थांबावे, कारण आज रान माजले आहे तिथे एके काळी पाटण नावाचे नांदते नगर होते.

या नगराचा पुरावा म्हणजे पाटणचा शिलालेख. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. सिद्धांतशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला. शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या दिवशी, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले. ग्रहणात दान द्यायचे ही जुनी रीत. पण जिथे ग्रहणाचे गणितच शिकवायचे, त्या मठासाठी याहून योग्य दिवस कोणता?

लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मठाचा खर्च कसा चालायचा, ते त्यांत सांगितले आहे. पेठेत जो माल उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला, गिऱ्हाइकाकडूनही थोडे देणे, आणि घाण्यामागे पळीने मोजून तेल. पंडितांसाठी संस्कृत, आणि व्यापारी-तेल्यांना कळावे म्हणून मराठी. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका बाजारपेठेने गणिताची शाळा पोसली होती!

आज आपल्या गावोगावच्या शाळांच्या गळक्या छपरांसाठी आपण सरकारी मंजुरीची वाट पाहत बसतो. देवीच्या दानपेटीत मात्र हात सैल असतो. ते असावेच. पण पाटणच्या तेल्याची पळीही आठवावी.

नवरात्रात तिथे फार गर्दी होते. एरवी एखादा रविवार काढा, मुलांना सोबत न्या. जंगल अभयारण्याचे आहे, तेव्हा प्लॅस्टिक परत आणा आणि दिवस मावळायच्या आत निघा. देवीचे दर्शन झाले की मुलांना भास्कराचार्यांच्या नातवाची ही गोष्ट तिथेच, त्या डोंगरांच्या साक्षीने सांगा.