बक्षिसाचं कार्ड आणि आपला हक्क

(वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्राहक कायदा म्हटलं की आपल्याला भेसळीचं तेल आणि मापात पाप करणारा वाणी आठवतो. मी आज गिफ्ट कार्डाबद्दल बोलणार आहे. हा बड्या घरचा विषय वाटेल, पण दिवाळीत ही कार्डं आता आपल्या वस्तीतही येतात.

आमच्या भागातली एक ताई तीन घरी स्वयंपाक करते. एका घरी तिला दिवाळीला रोख पैशांऐवजी कपड्यांच्या दुकानाचं दोन हजारांचं कार्ड मिळालं. मुलीच्या दहावीच्या निकालाला ड्रेस घ्यायचा म्हणून तिने ते डब्यात जपून ठेवलं. जूनमध्ये दुकानात गेली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मुदत सहा महिन्यांची होती, संपली. ती मुकाट्याने परत आली. मी विचारलं, भांडली का नाहीस? तर म्हणाली, "फुकटात मिळालेलं, त्यावर काय भांडायचं?"

हे वाक्य मला फार खुपलं. कार्ड फुकट नव्हतं. मालकिणीने दुकानाला रोख दोन हजार मोजले होते. पैसे दुकानाच्या गल्ल्यात गेले आणि बदल्यात माल कुणालाच मिळाला नाही. खरं तर ते दिवाळीचे पैसे तिच्या वर्षभराच्या कामाचे होते, पण ते पुन्हा केव्हातरी.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू २० जुलै २०२०) यातली ग्राहकाची व्याख्या नीट वाचा. पैसे देणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्ती आणि सेवेची लाभार्थीही ग्राहकच आहे. म्हणजे भेट मिळालेली बाईही तक्रार करू शकते.

कार्ड कंपनीने कामगारांना वाटलं असेल, तर दुकानाचा वकील म्हणेल की ही खरेदी व्यापारी हेतूने झाली, म्हणून इथे ग्राहक कुणी नाही. तेव्हा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. मुंबईतल्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने नर्सेसच्या वसतिगृहासाठी फ्लॅट घेतले होते. त्या खरेदीचा नफा कमावण्याशी थेट संबंध नाही, म्हणून ट्रस्ट ग्राहकच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कामगारांना द्यायच्या भेटीलाही हाच युक्तिवाद लावता येतो.

आता कार्डाच्या जाती. बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीने काढलेलं, अनेक दुकानांत चालणारं कार्ड ही एक जात. त्याला रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे निर्देश लागू होतात. मुदत किमान एक वर्ष, रक्कम जास्तीत जास्त दहा हजार. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत सूचना द्यायची, तीही कार्डधारकाने निवडलेल्या भाषेत. मुदतीनंतरही शिल्लक मागितली तर ती बँक खात्यात द्यावी लागते. सगळं छान. पण सूचनेचा मेसेज जातो कुणाच्या फोनवर? बहुतेक वेळा कार्ड घेणाऱ्याच्या, नाहीतर नवऱ्याच्या. म्हणून कार्ड हातात पडताच आपला नंबर त्यावर नोंदवता येतो का, ते विचारा. तक्रार असेल तर आधी कार्ड काढणाऱ्याकडे लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही.

दुसरी जात म्हणजे एकाच दुकानाचं स्वतःचं कार्ड, आमच्या ताईकडे होतं तसं. खरी पळवाट इथे आहे. अशा कार्डांवर रिझर्व्ह बँकेचं नियमन नाही, आणि ग्राहक कायद्यात त्यांच्यासाठी किमान मुदत लिहिलेली नाही. अमेरिकेत २०१० पासून आणि आयर्लंडमध्ये २०१९ पासून पाच वर्षं, ऑस्ट्रेलियात २०१९ पासून तीन वर्षं अशी किमान मुदत आहे. आपण मागणी करायची तर हीच, आणि ती संघटनांनी मिळून केली पाहिजे.

तोवर हातात आहे ते वापरायचं. अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतली त्रुटी या दोन मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. अट एकतर्फी आहे, म्हणून करारच अनुचित आहे असं म्हणायचं असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

आम्ही तेच केलं. मालकिणीने ई-मेलमधून बिल शोधून दिलं (आधी जरा अवघडल्या होत्या). हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाने महिनाभराची मुदत वाढवून दिली आणि ड्रेस आला. रोख परत मागितली होती, ती मात्र दिली नाही.

कारखान्यातल्या बायकांसाठी आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथला कायदेशीर बोनस बँक खात्यातच जमा व्हायला हवा. त्याऐवजी कार्ड पुढे केलं तर घेऊ नका, आणि एकटीने नकार देऊ नका.

जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडे मुदत संपलेली कार्डं आहेत त्यांनी ती घेऊन या. बिल नसलं तरी या, कार्ड कुणी दिलं एवढं आठवलं तरी पुढचं शोधता येतं.