चार तारा, सोळा घरं

बोहाड्याच्या, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवाच्या रात्री मुखवटा चढवलेलं सोंग पुढे येतं तेव्हा सगळ्यांचे डोळे मुखवट्याकडे असतात. सोंगाचं लक्ष मात्र संबळाकडे असतं. संबळाच्या दोन भांड्यांपैकी बारीक आवाजाचं भांडं सारखं बोलत राहतं. जाड आवाजाचं मोजक्याच जागी पडतं, आणि नाचणाऱ्याचं पाऊल नेमकं त्या जागी उतरतं. ती जागा हुकली की पिपाणी कितीही सुरेल वाजत असली तरी सोंग अडखळतं.

बँडमध्ये हेच काम तारांवर करणारा माणूस म्हणजे बेस गिटार वाजवणारा. आजचा विषय तो आहे, आणि त्यातही फंक नावाची त्याची चाल. ती काय असते, मुंबईच्या गाण्यांत कशी आली, आणि नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ती शिकायची तर हात कुठून घालायचा, एवढंच सांगायचं आहे.

आधी वाद्य. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. तारेची वाजणारी लांबी साधारण 34 इंच, आणि सगळ्यांत जाड तार अडीच मिलिमीटरच्या पुढची. ही जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. तिच्या पुढच्या तीन तारा 55, 73 आणि 98 कंपनांच्या. 1951 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. तोपर्यंत वाद्यवृंदात खर्ज हवा असेल तर माणसापेक्षा उंच डबल बेस उभा करून वाजवावा लागे. फेंडरच्या बेसने तो खर्ज खांद्यावर टांगता आला, पडद्यांमुळे सूर नेमका लागू लागला आणि विजेमुळे तो ढोल-ताशाच्या बरोबरीने ऐकू येऊ लागला.

41 कंपनांचा हा आकडा शिकणाऱ्याच्या फार कामाचा आहे. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून एवढा खालचा सूर बाहेरच पडत नाही. त्या सुराचे वरचे पडसाद तेवढे कानावर येतात आणि मेंदू खालचा सूर आहे असं धरून चालतो. लग्नाच्या वरातीत नेमकं उलटं होतं. डीजेच्या पेट्यांपुढे उभं राहिलं की बेस छातीत घुमतो, पण सूर कोणता लागला आणि तो कधी थांबला हे कळत नाही. म्हणजे आपली मुलं रोज बेसच्या संगतीत असतात आणि बेसची चाल मात्र त्यांनी ऐकलेली नसते. साधे हेडफोन कानाला लावून ओळखीचं एखादं गाणं पुन्हा ऐकलं, गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त खालच्या मजल्यावर कान ठेवला, तर त्या गाण्यात आणखी एक गाणं सापडतं. शिक्षण तिथून सुरू होतं, वाद्य हातात येण्याच्या आधी.

हिंदी चित्रपटसंगीतात या खालच्या मजल्यावर राबलेली माणसं बहुतेक मुंबईतली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटारवर टोनी वाझ असत. चरणजीत सिंग हेही मुंबईच्या स्टुडिओंत बेस वाजवत. ‘दम मारो दम’मध्ये त्यांनी ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन, वाजवला, ते 1971 साल. रेकॉर्डच्या पाकिटावर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं येत. ज्याच्या बोटांवर गाणं उभं असे त्याचं नाव सहसा येत नसे. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांच्या आठवणी नोंदवल्या, तेव्हा कुठे या मंडळींचं काम नीट कागदावर आलं. हे फार आधी, आणि आपल्याकडून व्हायला हवं होतं.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन वर्षानुवर्षं निनावी राहिले. मार्विन गे यांच्या 1971 च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमच्या पाकिटावर त्यांचं नाव छापलं गेलं. जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, वापरत. तारा गुंजत राहू नयेत म्हणून ते घोडीपाशी फोमचा तुकडा दाबून ठेवत. एका बोटावर एवढी गाणी उभी राहिली आहेत, म्हणून बोटांचा वेग नाही या काळजीने कुणी बेस सोडू नये.

आता फंक. 1965 च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’पासून जेम्स ब्राउन यांनी गाण्याचं वजन मात्रांच्या चक्रातल्या पहिल्या मात्रेवर टाकायला सुरुवात केली. त्याआधीच्या अशा नाचगाण्यांत बहुधा भर असे तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ब्राउन यांच्या बँडमध्ये सगळ्यांनी पहिल्या मात्रेवर एकत्र यायचं, मग वाटेल तिथे हिंडायचं, आणि पुन्हा पहिलीवर हजर राहायचं. तबल्याच्या साथीला बसलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. समेवर येणं आपल्या अंगात मुरलेलं आहे. 1970 मध्ये ब्राउन यांच्या बँडमध्ये बूट्सी कॉलिन्स आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्यांचा पहिला बेस म्हणजे स्वस्तातली एक साधी गिटार, तिच्यावर बेसच्या चार तारा चढवलेल्या. चाल भरगच्च करण्याकडे त्यांचा ओढा होता आणि ब्राउन त्यांना पहिल्या मात्रेवर परत आणत. पहिली सांभाळ, मग बाकीचं तुझं, असा तो धडा.

त्याच काळात स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमधल्या लॅरी ग्रॅहम यांची रीत पसरली. ते आधी आपल्या आईबरोबर छोट्या जागांत वाजवत. तिथे ड्रमवाला उरला नाही, तेव्हा त्यांनी ड्रमचं काम बेसवर घेतलं. अंगठ्याने जाड तारेवर ठोका मारला की मोठ्या ढोलाचा आवाज, आणि तर्जनीने बारीक तार ओढून सोडली की स्नेअर ड्रमचा चटका. आज जगभर स्लॅप म्हणतात ती हीच रीत, आणि ती अडचणीतून निघालेली आहे. नवशिक्या मुलांना सगळ्यांत आधी स्लॅपच शिकायचं असतं, कारण ते दिसायला छान दिसतं. त्यांना थोडं थांबवायला हवं. मनगट किल्ली फिरवल्यासारखं फिरलं पाहिजे, आणि अंगठा तारेवर आपटून लगेच मागे यायला हवा. तो तारेवर रेंगाळला की आवाज मरतो. हे साधण्याआधी डावा हात तयार असला पाहिजे, कारण फंकचा खरा कारभार डाव्या हातात आहे.

तो कसा, हे एका चालीवर पाहू. चार मात्रांचं चक्र घ्या आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग करा. झाली सोळा घरं. ड्रमवरचा स्नेअर पाचव्या आणि तेराव्या घरात पडतो. जाड तारेचा पाचवा पडदा सा माना. पहिल्या घरात हा सा दमदार वाजवायचा आणि तिसऱ्या घराच्या आत थांबवायचा. चौथ्या घरात बोट तारेवर नुसतं टेकवून तार छेडायची. सूर निघत नाही, ‘टक’ असा कोरडा ठोका येतो. वादक याला डेड नोट म्हणतात. पाचवं आणि सहावं घर रिकामं. सातव्यात वरचा सा, तो दोन तारा पलीकडे सातव्या पडद्यावर मिळतो. लगेच आठव्यात त्याच तारेवर पाचव्या पडद्याचा कोमल नी. नववं रिकामं, दहाव्यात पुन्हा कोरडा ठोका. अकराव्यात मधल्या, म्हणजे जाड तारेच्या शेजारच्या तारेवर सातव्या पडद्याचा पंचम. बारावं, तेरावं, चौदावं घर मोकळं. पंधराव्यात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा खालचा कोमल नी, सोळाव्यात कोरडा ठोका, आणि पहिल्या घरात सा.

सोळा घरांत सूर पाचच आहेत, कोरडे ठोके तीन, आणि उरलेल्या आठ घरांत काही वाजवायचं नाही. ही आठ घरं जपणं सगळ्यांत कठीण. जाड तार एकदा छेडली की ती आपणहून थांबत नाही, गुंजत राहते आणि स्नेअरच्या जागेवर सांडते. तिला थांबवायचं काम डाव्या हाताचं. बोट पडद्यावरून पूर्ण उचलायचं नाही, फक्त दाब काढायचा; तारेला स्पर्श राहिला की ती मुकी होते. बोट उचललं तर मोकळी तार बोलते आणि चालीत नको तो सूर घुसतो. शिकणाऱ्याचे पहिले काही आठवडे एवढ्यावर गेले तरी ते सत्कारणी लागले असं समजावं. पेरं आधी हुळहुळतात, मग घट्टे पडतात. वेग शेवटी येतो, आधी मिनिटाला साठ मात्रांच्या गतीला ही सोळा घरं स्वच्छ झाली पाहिजेत.

चालीत आलेले सा, पंचम आणि कोमल नी, त्यांत कोमल गंधार आणि शुद्ध मध्यम मिळवले की पाच सुरांचा तो संच होतो, ज्यावर फंकच्या पुष्कळ चाली बांधल्या आहेत. आपल्याकडे याच पाच सुरांचा राग म्हणजे धानी. ज्याच्या घरी पेटी आहे त्याने हे पाच सूर आधी पेटीवर गाऊन पाहावेत. गळ्यात बसलेली चाल बोटांना लवकर सापडते.

आणि तोंडाने म्हणणं हा मार्ग किती लांब नेतो याचं उदाहरण मुंबईतच आहे. 1996 मध्ये जन्मलेल्या मोहिनी डे यांचे वडील सुजॉय डे बेसवादक. मोहिनी लहानपणीच वडिलांकडे बेस शिकू लागल्या, किशोरवयातच व्यावसायिक मंचावर आल्या, पुढे ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवू लागल्या, आणि 2023 मध्ये त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. दक्षिणेकडची कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची विद्या, त्यांनी बेसशी जोडली. बोल म्हणायचे आणि तेच बोल त्याच क्षणी तारांवर काढायचे. त्यांचा वेग पाहून थक्क व्हायला होतं, पण ऐकण्यासारखी गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे: प्रत्येक ठोका नेमका कुठे संपतो हे त्यांना ठाऊक असतं.

मुंबईच्या फंकला जगानेही उचललं. कल्याणजी-आनंदजी यांच्या ‘अपराध’ (1972) आणि ‘डॉन’ (1978) या चित्रपटांतल्या गाण्यांचे तुकडे घेऊन अमेरिकेच्या ब्लॅक आइड पीज या बँडने 2005 मध्ये ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ केलं, आणि त्याला ग्रॅमी मिळालं. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा आवाज त्या गाण्यातून जगभरच्या नाचघरांत पोचला. चरणजीत सिंग यांची कथा याहून विलक्षण. 1982 मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांनी वाजवून एक रेकॉर्ड काढली. खर्जासाठी त्यांनी वापरलं रोलँड कंपनीचं टीबी-303, जे बेसवाल्याची जागा घेण्यासाठी बनवलं होतं, पण बाजारात चाललं नाही. एका बेसवादकाने त्या यंत्रातून मींड काढली. रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. काही वर्षांनी शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र जुन्या बाजारातून उचलून ॲसिड हाउस नावाचं संगीत घडवलं. 2010 मध्ये चरणजीत यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चकित झाले, की हे मुंबईत आधीच होऊन गेलं होतं. ते 2015 मध्ये गेले. सुदैवाने म्हातारपणी त्यांना परदेशातल्या मंचांवर ते राग वाजवता आले.

सुरगाण्यात बेसचा शिक्षक मिळणं अवघड आहे हे खरं. नाशिक इथून नव्वदएक किलोमीटर, आणि शिकवणीसाठी दर आठवड्याला घाट ओलांडणं परवडत नाही. साधा नवा बेस दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो, म्हणून दोघातिघांनी मिळून एक घेण्यात काही कमीपणा नाही. ॲम्प्लिफायरची घाई नको. हेडफोन लावायचा खिशात मावणारा ॲम्प पुरतो. पावसाळ्यात वीज गेली तर बेसची लाकडी बाजू दाराच्या चौकटीला किंवा टेबलाला घट्ट टेकवावी, लाकूड आवाज धरतं आणि सरावापुरतं ऐकू येतं.

एक गोष्ट मात्र इथे नाशिक-मुंबईपेक्षा सोपी आहे. ज्याला जाड आणि बारीक ठोक्यांचा हिशेब कळतो असा वाजवणारा इथे शेजारच्या पाड्यावर सापडतो. बेस शिकणाऱ्याने त्याच्यापुढे बसावं. त्याचा संबळ चालू असताना बेसवर फक्त एकच सूर घ्यावा आणि तो जाड ठोक्याबरोबर उमटवून बारीक ठोक्याच्या आधी थांबवावा. मोबाइलवरच्या ड्रमपेक्षा हा सराव जास्त शिकवतो, कारण माणूस चाल किंचित मागेपुढे करतो आणि बेसवाल्याला त्याच्याबरोबर राहावं लागतं. आपल्याकडे तुणतुणं वाजवणारेही एका तारेवर हेच करत आले आहेत.

गाणं बसवायला घ्यायचं तर पहिलं शीक बँडचं ‘गुड टाइम्स’ घ्यावं, 1979 चं, बेसवर बर्नार्ड एडवर्ड्स. त्याच वर्षी शुगरहिल गँगने त्याच चालीवर ‘रॅपर्स डिलाइट’ केलं आणि पुढच्या वर्षी क्वीन बँडच्या जॉन डीकन यांनी तिच्यावरून स्फूर्ती घेऊन ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ रचलं. चाल सुरू होते ती एकाच सुराच्या तीन ठोक्यांनी. मग थोडी जागा सुटते आणि सूर वर चढू लागतात. मुलं चढणीकडे धावतात. आधी ते तीन ठोके हेडफोनमध्ये मूळ गाण्याबरोबर वाजवून पाहावेत, तिन्ही सारख्याच लांबीचे आणि सारख्याच जोराचे होईपर्यंत. ते जमले की चढणीचा पहिला सूर घ्यावा.