पडद्यावरचे डॉक्टर



मागच्या पावसाळ्यात माझे पोट दुखू लागले. तालुका लांब, म्हणून उपकेंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी ई-संजीवनीवर डॉक्टर जोडून दिले. सरकारने 2019 साली सुरू केलेली ही सोय. डॉक्टर पडद्यावर दिसतात, बोलतात. फी नाही, बरं का!

डॉक्टरांनी विचारले, "गुरुजी, आधी बेंबीपाशी दुखत होते? आता उजवीकडे खाली?"

"होय. गोळी सांगा."

"गोळी नको. आत्ताच मोठ्या दवाखान्यात जा. पोट हाताने दाबून पाहायला हवे."

मला राग आला. वाटले, हे अंग काढून घेताहेत! तरी गेलो. अपेंडिक्स सुजले होते. त्याच रात्री ऑपरेशन झाले.

महिन्याने पडद्यावर तेच डॉक्टर भेटले. मी विचारले, "असं दुरून तपासणं तुम्हाला आवडतं का हो?"

ते हसले. "सर्दी-खोकल्याला ठीक. पोटात, छातीत दुखले की धास्ती वाटते. हात लावता येत नाही आणि चुकले तर जबाबदारी माझीच."

मार्च 2020 मध्ये सरकारने याचे नियम केले. पडद्यावर भागेल की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. काही औषधे तर अशी लिहून देताच येत नाहीत.

काही डॉक्टरांना ही रीत पटत नाही. रोगी नीट सांगत नाही, ही त्यांची तक्रार मला खरी वाटते. आपण तंबाखू लपवतो. आधी घेतलेली गोळी सांगत नाही. बायका चारचौघांत बोलत नाहीत, यात त्यांचे काही चुकत नाही. बाईंना सांगा, त्या दार लावून घेतील. जुने कागद मात्र बरोबर न्या. मी नेले नव्हते.